‘सुरक्षित स्थळी हलवले’ या वाक्याच्या पुढे

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतले एक वाक्य ठरलेले असते. अमुक गावातील इतक्या कुटुंबांना सुरक्षित स्थळी हलवले, असे ते वाक्य असते, आणि ते वाचले की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. प्रशासनाचे कामही बहुतांशी तेथे संपते, कारण जीवितहानी झाली नाही हेच स्थलांतराच्या यशाचे माप आपण मानले आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे माप अपुरे आहे; लहान मुलांच्या बाबतीत ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरलेल्या मुलाचा जीव वाचलेला असतो. पण त्याची झोप, त्याचे पोट, त्याची शाळा आणि आपल्या घरावरचा त्याचा भरवसा यांची परीक्षा तेथून पुढे सुरू होते आणि ती कित्येक महिने चालते. या काळाची जबाबदारी आज कोणाकडेच स्पष्टपणे सोपवलेली नाही. ती सोपवली पाहिजे आणि पूर येण्याआधी सोपवली पाहिजे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

२०१९ साली ५ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या आठवड्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत जे घडले ते या भागातील कोणीही विसरलेले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. तेथे ते ५५ फुटांच्या पुढे पोहोचले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि लाखो माणसे घराबाहेर पडली. अवघ्या दोन वर्षांनी, २०२१च्या जुलैत, कोल्हापूरने त्याहून वरची पातळी पाहिली, आणि २०२४च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. पूरपट्ट्यातल्या एखाद्या गावात २०१३ साली जन्मलेल्या मुलाचा हिशेब मांडून पाहावा. पहिलीत असताना, मग आठव्या वर्षी, मग अकराव्या वर्षी, असे तीन वेळा त्याच्या घराच्या दाराशी पाणी आले किंवा येण्याच्या बेतात होते. पूर ही त्याच्या बालपणात एकदा घडून गेलेली घटना राहिलेली नाही. जून लागला की तो त्याची वाट पाहू लागतो.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत मी शिरोळ तालुक्यातील एका निवारा केंद्रात मदतीला होते. ते एक मंगल कार्यालय होते. व्यासपीठावर लग्नातल्या नवरा-नवरीच्या दोन मोठ्या खुर्च्या तशाच ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्या पायांशी, सतरंजीवर, गावातली चाळीसेक कुटुंबे ओळीने पथारी पसरून होती. तेथील मुलांच्या तोंडी पहिल्या दिवसापासून नदीची पातळी होती. क्रिकेटचा धावफलक सांगावा तसे सहा-सात वर्षांचे मूल ‘आज छप्पन झालं’ असे येऊन सांगत असे. त्या आकड्याचा अर्थ त्याला मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होता. एक मुलगा दर तासा-दोन तासांनी एकच प्रश्न विचारी, ‘बाई, आमची म्हस कुणी सोडली असंल का?’ निघताना गोठ्यातले दावे कापायचे राहिले की कापले, यावर त्याच्या आई-वडिलांचेच एकमत नव्हते. त्यामुळे त्याला कोणीच उत्तर देत नव्हते.

त्याच केंद्रातला दुसरा एक मुलगा, दुसरीतला, तिसऱ्या रात्रीपासून अंथरूण ओले करू लागला. घरी असताना त्याची ही सवय सुटून तीन वर्षे झाली होती. त्याची आई पहाटे चारच्या सुमारास, सगळे उठायच्या आत, गोधडी उचलून मागच्या नळावर न्यायची. पण पाऊस थांबत नव्हता आणि वाळत घालायला दोरीही नव्हती. चौथ्या दिवशी शेजारच्या पथारीवरून कोणीतरी वासाबद्दल बोलले आणि त्या आईने चाळीस कुटुंबांसमोर मुलाला मारले. मी त्या आईला दोष देत नाही. तिचे घर पाण्यात होते, नवरा जनावरांपाशी राहिला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. एवढ्या भीतीत आणि एवढ्या गर्दीत आई-मुलाच्या नात्यावर किती ताण येतो, हे त्या पहाटे मला दिसले. एक रबरी चादर, दोन जादा गोधड्या आणि कपडे वाळवायला एक आडोसा एवढ्याने ती वेळ टळली असती. या वस्तू मदतीच्या ट्रकमध्ये कधीच नसतात. बिस्किटांचे पुडे मात्र छतापर्यंत रचलेले असतात.

याचा अर्थ स्थलांतरच करू नये असा कोणी काढू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढताना खचाखच भरलेली बोट उलटली आणि लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. त्या दुर्घटनेतून शिकायचे ते हेच, की वेळेवर निघाले पाहिजे. पाणी पात्राबाहेर पडले असताना, उजेड असताना, रस्ता चालू असताना, जनावरांसह निघालेले कुटुंब आणि मध्यरात्री छातीभर पाण्यात बोटीची वाट पाहणारे कुटुंब यांच्या मुलांच्या मनावर उमटणारे ठसे सारखे नसतात. पहिल्या मुलासाठी तो अवघड प्रवास असतो. दुसऱ्याने आपल्या बापाला घाबरलेले पाहिलेले असते. आपल्याकडे लोक लवकर निघत नाहीत ही तक्रार खरी आहे, परंतु त्यामागे हट्टापेक्षा गोठ्यातली जनावरे, घरातले धान्य आणि मागच्या वेळची चोरी ही कारणे अधिक असतात. जनावरांची सोय आधी करा, माणसे आपोआप लवकर निघतील, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा मुलांना मिळेल.

वेळेवर केलेल्या स्थलांतराने काय साधते हे ओडिशाने दाखवले आहे. ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा काही दहांवर राहिला. पण याच ओडिशातून आलेली दुसरी माहिती आपण फारशी वाचत नाही. १९९९च्या वादळानंतर एका वर्षाने मानसोपचारतज्ज्ञांनी वादळग्रस्त भागातील शाळकरी आणि किशोरवयीन मुले तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे ३० टक्के मुलांमध्ये आघातोत्तर ताण विकाराची लक्षणे होती. वर्षभरानंतर! तोवर मदतीचे वाटप, भाषणे आणि पंचनामे हे सगळे केव्हाच उरकलेले असते.

जन्मालाही न आलेल्या मुलांपर्यंत हा ताण पोहोचतो, याचाही पुरावा आहे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाचे मोठे वादळ झाले. लाखो घरांची वीज गेली, काहींची तर महिनाभराहून अधिक काळ, आणि कडाक्याच्या थंडीत लोकांना घरे सोडावी लागली. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा माँट्रियलच्या संशोधकांनी पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. ज्या मातांना अधिक हाल सोसावे लागले, त्यांची मुले भाषा आणि आकलनाच्या चाचण्यांत मागे राहिल्याचे त्यांना आढळले. आपल्या निवारा केंद्रात गरोदर बाई आली की आपण बाळंतपणाची तारीख विचारतो आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहून ठेवतो. ते आवश्यकच आहे. पण तिला पाय पसरून झोपायला जागा मिळाली का, घरच्या माणसांशी तिचे बोलणे झाले का, हे प्रश्नही बाळाच्या आरोग्याचेच आहेत.

शरीराचे दुखणे त्यामानाने चटकन दिसते, तरी तेथेही मुलांचा वेगळा विचार होत नाही. मुलाच्या शरीरात पाण्याचा साठा कमी असतो, त्यामुळे जुलाब-उलट्यांनी मोठा माणूस दोन दिवसांत जेवढा खचतो, तेवढे लहान मूल काही तासांत खचते. गढूळ पाण्यातून अनवाणी चालल्याने पायांच्या बोटांत चिखल्या होतात, त्या भेगांमधून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. दाटीमुळे खरूज पसरते, डोळे येतात, गोवराचा धोका वाढतो. पाणी उतरून दोन-तीन आठवडे झाले की साचलेल्या डबक्यांमुळे डेंग्यूची पाळी येते. त्याच्याही नंतर, ओल मुरलेल्या भिंतींवर बुरशी चढते आणि त्या खोलीत झोपणाऱ्या दम्याच्या मुलाचा खोकला दिवाळीपर्यंत हटत नाही. आणखी एक गोष्ट फार सद्भावनेने घडते आणि फार नुकसान करते. निवारा केंद्रात दुधाच्या पावडरीचे डबे सरसकट वाटले जातात. घाबरलेल्या, थकलेल्या आईला आपले दूध आटले असे वाटते. ती डबा उघडते आणि जेथे पाणी उकळायची सोय नाही तेथे बाटली भरते. बाळाला जुलाब लागतात ते तेथून. अशा वेळी त्या आईला आडोसा, पुरेसे जेवण आणि ‘दूध येईल, पाजत राहा’ असे सांगणारी अंगणवाडी सेविका यांची गरज असते. ज्या बाळाला खरोखरच वरचे दूध लागते, त्याच्यासाठी उकळलेल्या पाण्याची आणि वाटी-चमच्याची सोय वेगळी करावी.

मनाच्या बाबतीत एक जुना धडा युद्धाने दिला आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनने सुमारे १५ लाख लोकांना तीन दिवसांत शहरांबाहेर हलवले. त्यांत आई-वडिलांविना पाठवलेली मुले फार मोठ्या संख्येने होती. त्या काळात लंडनमध्ये मुलांसाठी संगोपनगृहे चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांचे निरीक्षण असे होते, की लहान मुलांना बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून झालेली ताटातूट अधिक जड गेली. पूर आणि युद्ध या वेगळ्या गोष्टी आहेत, पण मूल तेच आहे. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळानंतर पाच हजारांहून अधिक मुलांची नोंद हरवलेली किंवा कुटुंबापासून तुटलेली अशी झाली होती आणि त्यांतील शेवटच्या मुलाची घरच्यांशी गाठ पडायला निम्मे वर्ष गेले. आपल्याकडे बोट भरताना ‘आधी बायका-पोरं’ म्हणून मुलांना पुढे काढतात, बाप मागे राहतो, आजी तिसऱ्याच गावच्या केंद्रात पोहोचते. बोटीत बसवण्याआधी मुलाच्या दंडाला त्याचे नाव, गाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली पट्टी बांधणे आणि घरातल्या एका तरी जाणत्या माणसाला त्याच्यासोबतच ठेवणे, हा नियम करायला पैसा लागत नाही.

आता शाळेकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तेथे आहे. महापूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, पहिल्या सत्राच्या ऐन मध्यावर. गावातली शाळा पाण्यात जाते आणि उंचावरच्या गावातली शाळा निवारा केंद्र होते. म्हणजे पूर आलेल्या आणि न आलेल्या अशा दोन्ही गावांतल्या मुलांची शाळा एकाच वेळी बंद पडते. ओडिशाच्या किनाऱ्यावर अनेक चक्रीवादळ निवारे एरवी शाळा म्हणूनच वापरले जातात आणि त्यात एक शहाणपण आहे, कारण संकटाच्या रात्री मूल ओळखीच्या इमारतीत झोपते. पण वादळ दोन-तीन दिवसांत ओसरते. कृष्णेच्या खोऱ्यात पाणी आठ-दहा दिवस हलत नाही आणि उतरल्यावर वर्गात गुडघाभर गाळ सोडून जाते. तो गाळ उपसणे, भिंती धुणे, निर्जंतुकीकरण, वीजजोडणी यांत आणखी आठवडे जातात. २०२१ साली तर करोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. फोनवर चाललेले शिक्षण वीज गेली तसे तेही थांबले.

या सगळ्या काळात शिक्षक कोठे असतात? ते केंद्रातल्या नोंदवह्या भरत असतात, धान्यवाटपाच्या रांगा सांभाळत असतात आणि पाणी उतरताच पंचनाम्यांना जुंपले जातात. मुलाला नावाने ओळखणारा, त्याचा स्वभाव माहीत असणारा, ज्याच्या आवाजाने वर्ग शांत होतो असा, आई-बापांखेरीज एकच माणूस त्या परिसरात असतो, आणि नेमके त्यालाच आपण मुलांपासून दूर नेतो. २०१९ मध्ये आमच्या केंद्रावर एका शिक्षिकेने पाचव्या दिवशी स्वतःहून व्यासपीठावरच्या त्या दोन खुर्च्या बाजूला सरकवून वर्ग भरवला. फळा नव्हता, पुस्तके नव्हती. हजेरी घेतली, पाढे म्हटले, एक कविता म्हटली, एवढेच. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना मुलांचे आवाज पहिल्यांदा मोकळे आले. म्हशीबद्दल विचारणारा मुलगा त्या दीड तासात एकदाही उठून विचारायला आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाची वेळ व्हायच्या आधीच मुले हातपाय धुऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी त्या शिक्षिकेला दुसऱ्या कामावर बोलावले गेले आणि वर्ग बंद पडला.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमात मदतीची किमान मानके ठरवण्याची तरतूद आहे आणि निवारा केंद्रासाठी त्यात पाच गोष्टींचा उल्लेख आहे: निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सोय आणि स्वच्छता. पुढे विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदी सांगितल्या आहेत. अनाथ मुलाचा विचार कायद्याने केला हे योग्यच झाले. पण ज्याचे आई-बाप हयात आहेत, जो पुरातून सुखरूप बाहेर आला आहे आणि जो निवारा केंद्रात पंधरा दिवस नुसता बसून आहे, त्या मुलासाठी या यादीत काहीच नाही. बाराव्या कलमानुसार आखलेल्या किमान मानकांत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आणि तीस माणसांमागे एक शौचालय असे आकडे आहेत. त्या मापाने मोजले तर आमचे मंगल कार्यालय त्यातही नापास झाले असते. पण समजा ते उत्तीर्ण झाले असते, तरी मुलाच्या दिवसाचे काय करायचे याचे उत्तर त्यातून मिळाले नसते. महापुराची कारणे शोधण्यासाठी राज्याने वडनेरे समिती नेमली, अलमट्टी आणि कोयनेच्या विसर्गावर विधानसभेपासून चावडीपर्यंत वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. त्या वादाचा दहावा हिस्सा तरी पूरग्रस्त मुलांच्या शाळेबद्दल झाला असता तर बरे वाटले असते.

पोरे लवकर विसरतात, आम्हीही २००५चा पूर पाहिला, आमचे काय बिघडले, असे गावात पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. बहुतेक मुले खरोखरच सावरतात. पण ती आपोआप सावरत नाहीत. घर पुन्हा उभे राहते, आई-वडील थोडे निवांत होतात, शाळेची घंटा वाजू लागते, खेळायला तेच सवंगडी मिळतात, म्हणून सावरतात. ज्यांच्या बाबतीत हे होत नाही किंवा फार उशिरा होते, ती मागे राहतात. अंथरूण ओले करणारा तो मुलगा पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री झोपला नाही, आणि दोन शर्ट, एक चड्डी पिशवीत भरून उशाशी घेऊन बसला, हे त्याच्या आईने मला सांगितले. तो काही विसरला नव्हता.

म्हणूनच मुलांसाठी तज्ज्ञांची फौज हवी असे माझे म्हणणे नाही. ज्या थोड्या मुलांची लक्षणे महिना-दीड महिन्यानंतरही कमी होत नाहीत, त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत पोहोचवले पाहिजे. १४४१६ या टेली-मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकाचा फलक प्रत्येक केंद्रात लावला पाहिजे. पण उत्साहाने येणाऱ्या पाहुण्यांना आवरण्याचीही तितकीच गरज आहे. मुलांना गोल बसवून ‘पुरात काय काय झाले ते सांगा’ म्हणणे, पुराचे चित्र काढायला लावून त्याचे फोटो घेणे, मदतीचे पाकीट हातात देऊन कॅमेऱ्याकडे पाहायला सांगणे, हे सगळे आमच्या केंद्रात आठवड्यात चार-पाच वेळा झाले. घडलेला प्रसंग लगेच आणि पुन्हा पुन्हा उकरून काढल्याने मन हलके होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे. मुलाला बोलावेसे वाटले तर ऐकावे. नाही तर त्याला चेंडू द्यावा.

करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९च्या पुरानंतर सोनतळी येथे पुनर्वसनासाठी भूखंड देण्यात आले. त्या पुनर्वसनाचे प्रश्न पुष्कळ आहेत आणि ते सगळे सुटलेले नाहीत. पण ज्या कुटुंबांनी तेथे घर उभे केले, त्यांच्या मुलांना पाणी चढू लागले की आपण कोठे जाणार हे ठाऊक असते. ते दार, तो कोपरा, शेजारी कोण असेल, सगळे ठाऊक असते. निघणे त्यांनाही सुखाचे नसते, परंतु त्यात अज्ञाताची भीती नसते. प्रत्येक पूरग्रस्त गावाला दुसरे घर देता येणार नाही. पण प्रत्येक मुलाला आपले निवारा केंद्र कोणते हे आधी दाखवता येईल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेने एक सहल त्या इमारतीत नेली, मुलांनी तेथे डबा खाल्ला, कोणत्या खोलीत कोणता वर्ग भरेल ते पाहिले, तर पुढे ती इमारत परकी वाटणार नाही.

दर वर्षी मे महिन्यात तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व तयारीची बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, जनरेटर चालू आहेत का, चारा कोठून आणायचा, धान्याचा साठा किती, याच्या याद्या तेथे वाचल्या जातात. त्याच बैठकीत आणखी एक यादी वाचली जावी: पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गावात सहा महिन्यांखालील बाळे किती, गरोदर स्त्रिया किती, पहिली ते आठवीची मुले किती, त्यांचे केंद्र कोणते, तिसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग कोणत्या खोलीत सुरू होईल आणि तो कोणते दोन शिक्षक घेतील, ज्यांना पंचनाम्याच्या कामातून लेखी सूट असेल. आणि पाणी उतरल्यानंतर जो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, त्यात पडलेल्या घरांच्या आणि दगावलेल्या जनावरांच्या रकान्यांशेजारी एक रकाना असावा: आजपर्यंत शाळेत परतलेली मुले. तो दर सोमवारी भरला जावा, शेवटचे मूल परत येईपर्यंत. यासाठी लागणारी बहुतेक नावे अंगणवाडी सेविकांच्या, आशाताईंच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोंदवह्यांत आजही आहेत. ती कोणी मागितलेली नाहीत, इतकेच.